खंड आणि पीक : व्हेनेझुएलातील तेल-उत्पन्नाचा आर्थिक इतिहास

१

तेलाचे उत्पन्न देशाच्या दीर्घकालीन आर्थिक वाढीस पोषक होते की मारक, हा प्रश्न गेल्या अर्धशतकापासून अर्थशास्त्रज्ञांच्या चर्चेत आहे. जेफ्री सॅक्स व अँड्र्यू वॉर्नर यांनी १९९५ साली अनेक देशांची आकडेवारी एकत्र करून असा निष्कर्ष मांडला की, ज्या देशांच्या निर्यातीत नैसर्गिक संपत्तीचा वाटा मोठा असतो, ते देश इतरांच्या मानाने मंद गतीने वाढतात. या मताला पुढे ‘संपत्तीचा शाप’ असे नाव रूढ झाले. याउलट हाशेम पेसारान, कामियार मोहद्देस आदी संशोधकांनी इराण व इतर तेल-निर्यातक देशांच्या अभ्यासातून असे प्रतिपादन केले आहे की, तेलाचे उत्पन्न दीर्घकाळ टिकून राहिल्यास ते वाढीला हातभारच लावते. अपाय होतो तो त्या उत्पन्नातील तीव्र चढउतारांमुळे आणि ते चढउतार पेलण्यास असमर्थ असलेल्या संस्थांमुळे.

हा वाद सूत्रांच्या पातळीवर सुटण्यासारखा नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सॅक्स-वॉर्नर यांची गणना १९७० पासून सुरू होते. व्हेनेझुएलाच्या बाबतीत हे वर्ष फार निर्णायक आहे; कारण त्या देशाचे तेल-उत्पादन त्याच वर्षी शिखरास पोहोचले व तेथून उतरू लागले. १९२० ते १९७० हा कालखंड घेणाऱ्यास तेल हे वरदान दिसेल. १९७० च्या पुढचा कालखंड घेणाऱ्यास तेच शाप दिसेल. दोन्ही कालखंड एकाच देशाचे, एकाच खनिजाचे आणि पुष्कळ अंशी एकाच राज्यव्यवस्थेचे आहेत. तेव्हा पहिल्या कालखंडात जे घडले त्यातच दुसऱ्या कालखंडाची कारणे दडलेली होती की काय, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम होय. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

प्रस्तुत लेखकाचे अभ्यासक्षेत्र भाषाशास्त्र हे आहे. अर्थकारणाच्या प्रांतात त्याने पाऊल टाकण्याचे कारण एवढेच की, व्हेनेझुएलातील तेलाचा इतिहास हा काही अंशी एका शब्दप्रयोगाचा इतिहास आहे. ‘तेल पेरणे’ हा तो शब्दप्रयोग होय. आठ दशके तो तेथील राज्यकर्त्यांच्या तोंडी राहिला, आणि धोरणाचे शब्द धोरणाला कसे वळण लावतात याचे ते एक ठळक उदाहरण आहे.

२

प्रथम एका संज्ञेचा विचार करणे आवश्यक आहे. मराठी अर्थशास्त्रात उत्पन्नाचे जे चार वाटे सांगितले जातात त्यांत मजुरी, व्याज व नफा यांच्या जोडीला ‘खंड’ हा चौथा वाटा येतो. खंड म्हणजे जमिनीच्या मालकाला केवळ मालकीपोटी मिळणारे उत्पन्न. कुळ राबते, बी पेरते, पीक काढते. मालकाकडे खंड पोहोचतो. पीक आणि खंड यांतील भेद आपल्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. तेलाच्या उत्पन्नाचे स्वरूप या भेदावरून नीट कळते. तेल काढण्यास लागणारे श्रम व भांडवल यांचा मोबदला वजा केल्यावर जी मोठी रक्कम उरते ती खंड होय. आणि ती तेल ज्याच्या मालकीचे त्याच्याकडे जाते. होसेन महदवी यांनी १९७० साली इराणच्या संदर्भात अशा खंडावर चालणाऱ्या राज्याची संकल्पना मांडली. तिला मराठीत ‘खंडजीवी राज्य’ म्हणता येईल.

व्हेनेझुएलात हा खंड खाजगी जमीनदारांकडे न जाता राज्याकडे गेला, याचे कारण तेलाहून पुष्कळ जुने आहे. स्पॅनिश साम्राज्याच्या खाणविषयक कायद्यानुसार भूगर्भातील खनिजांची मालकी राजाकडे असे. सिमोन बोलिव्हार याने २४ ऑक्टोबर १८२९ रोजी क्विटो येथून काढलेल्या हुकमान्वये ही मालकी राजाकडून प्रजासत्ताकाकडे आली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जमिनीचा मालक तोच तिच्याखालील तेलाचाही मालक असतो; त्यामुळे तेथील तेलाचा खंड असंख्य शेतकऱ्यांत व कंपन्यांत वाटला गेला. व्हेनेझुएलात मात्र तो एकाच तिजोरीत जमा होणार, हे पहिली विहीर खणली जाण्यापूर्वी कित्येक दशके आधीच ठरून गेले होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा देश कॉफी व कोको यांवर जगत होता. अँडीज पर्वताच्या उतारांवर पिकणारी कॉफी माराकाइबो बंदरातून परदेशी जाई. लोकवस्ती विरळ होती. १९२६ च्या खानेसुमारीत ती सुमारे तीस लक्ष भरली. रस्ते थोडे होते, हिवतापाने विस्तीर्ण प्रदेश ओस पाडले होते, आणि १९०८ पासून जनरल हुआन व्हिसेंते गोमेस याची हुकूमशाही चालू होती. १९१४ साली मेने ग्रांदे येथे ‘झुमाके’ या विहिरीतून व्यापारी उत्पादन सुरू झाले. १४ डिसेंबर १९२२ रोजी माराकाइबो सरोवराच्या पूर्व काठावर काबिमासजवळ ‘बारोसो’ विहिरीचा स्फोट झाला, आणि दिवसाला सुमारे एक लक्ष पिंपे या प्रमाणात तेल कित्येक दिवस उसळत राहिले. त्यानंतर परदेशी कंपन्यांची रीघ लागली. १९२० चे दशक संपण्यापूर्वीच व्हेनेझुएला हा जगातील सर्वांत मोठा तेल-निर्यातक आणि उत्पादनात अमेरिकेच्या खालोखालचा देश झाला. १९३५ च्या सुमारास निर्यातीच्या एकूण मूल्यात तेलाचा वाटा नव्वद टक्क्यांवर गेला होता.

३

तेलाच्या आगमनाने कॉफीचे काय झाले, हा या इतिहासातील पहिला महत्त्वाचा प्रश्न आहे. केवळ ‘शेतकरी शेती सोडून तेलक्षेत्रात गेले’ एवढे सांगून त्याचे उत्तर पुरे होत नाही. तेलाच्या विहिरींवर काम करणाऱ्यांची संख्या देशाच्या श्रमशक्तीच्या मानाने नेहमीच अल्प राहिली. खरा आघात हुंडणावळीच्या दराने केला.

१९२९ साली एका डॉलरला सुमारे ५.२० बोलिव्हार मिळत. जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले. कोलंबिया व ब्राझील या प्रतिस्पर्धी देशांच्या चलनांची किंमत त्या काळात खाली आली. त्यामुळे तेथील कॉफीवाल्याला डॉलरमागे अधिक स्वदेशी चलन मिळून थोडाफार आधार झाला. व्हेनेझुएलात नेमके उलट घडले. १९३४ च्या आरंभी अमेरिकेने डॉलरचे अवमूल्यन केले, आणि त्या वर्षी व्हेनेझुएलात ठरलेला दर डॉलरला चार बोलिव्हारांच्याही खाली होता. म्हणजे आधीच स्वस्त झालेल्या कॉफीपोटी जो डॉलर येई, त्याचे बोलिव्हार पूर्वीपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी भरू लागले. कॉफीचे मळे कर्जात बुडाले, आणि सरकारला कॉफी व कोको यांच्या निर्यातीला साहाय्य देण्याची वेळ आली.

मग सरकारने बोलिव्हार इतका चढा का ठेवला? यामागे अज्ञान होते असे म्हणता येत नाही. तेलकंपन्यांना मजुरी, कर व स्वामित्वधन हे बोलिव्हारमध्ये द्यावे लागे, आणि ते बोलिव्हार त्या डॉलर देऊन विकत घेत. बोलिव्हार जितका महाग, तितके अधिक डॉलर कंपन्यांकडून देशाच्या पदरात पडत. ज्या राज्याजवळ कंपन्यांवर कर बसविण्याचे पुरेसे सामर्थ्य नव्हते, त्याच्या हाती हुंडणावळ हेच कर-वसुलीचे एक साधन होते. शिवाय महाग बोलिव्हारमुळे आयात स्वस्त होई, आणि कॅराकसमधील व्यापारी व शहरवासी मध्यमवर्ग यांना ते हवेच होते. हा निर्णय त्या क्षणापुरता तर्कशुद्ध होता. परंतु त्याने तेलाव्यतिरिक्त अन्य कोणत्याही मालाची निर्यात करणे दीर्घकाळापर्यंत तोट्याचे करून ठेवले.

पुढे १९७७ साली नेदरलँड्समधील नैसर्गिक वायूच्या अनुभवावरून अशा स्थितीला ‘डच विकार’ हे नाव मिळाले, आणि १९८२ साली कॉर्डन व नीअरी यांनी तिचे शास्त्रीय विवेचन केले. व्हेनेझुएलाला हा विकार नामकरणापूर्वी चाळीस वर्षे जडला होता.

४

डिसेंबर १९३५ मध्ये गोमेस मरण पावला. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, १४ जुलै १९३६ रोजी, कॅराकसच्या ‘आओरा’ या दैनिकात आर्तुरो उस्लार पिएत्री या तरुण लेखकाचा अग्रलेख प्रसिद्ध झाला. ‘तेल पेरणे’ हेच त्याचे शीर्षक होते. त्यातील विचार थोडक्यात असा : खाणीतील संपत्ती एकदा काढली की संपते, शेतीतील संपत्ती दरसाल पुन्हा निर्माण होते, म्हणून नाशिवंत तेलाचे धन शेती, पशुपालन व उद्योग यांत गुंतवावे, अन्यथा हे राष्ट्र तेलावर पोसलेले एक बांडगूळ होऊन बसेल. तत्त्व म्हणून हा विचार आजही निर्दोष आहे. १९७७ साली जॉन हार्टविक या अर्थशास्त्रज्ञाने गणिताच्या भाषेत जो नियम सांगितला, की संपत जाणाऱ्या संपत्तीचा सर्व खंड टिकाऊ भांडवलात गुंतवला तर उपभोगाची पातळी कायम राखता येते, त्याचेच हे पूर्वरूप मानता येईल.

परंतु ‘पेरणे’ या क्रियापदाच्या अर्थाकडे लक्ष दिले पाहिजे. पेरणी म्हटली की बी, जमीन, पाऊस व शेतकरी या सर्वांची कल्पना येते. कोणते बी कोणत्या जमिनीत टाकावे, हे ज्याला कळते तो पेरतो. आणि पीक आले नाही तर नुकसान त्याचेच होते. व्हेनेझुएलात ‘पेरणारा’ हा राज्यकर्ता होता. बी त्याच्या पदरचे नव्हते, आणि पीक बुडाले तरी पुढील वर्षी तिजोरीत नवा खंड येणारच होता. त्यामुळे पेरणे आणि खर्च करणे यांतील सीमारेषा हळूहळू पुसली गेली. रस्ता बांधला, तेल पेरले. नोकरभरती केली, तेल पेरले. अन्नधान्याची आयात स्वस्त ठेवली, तरी तेच म्हटले गेले. शब्द जितका सर्वमान्य झाला तितका त्याचा अर्थ पातळ झाला. चढ्या हुंडणावळीमुळे जमीनच नापीक झाली होती, हे तर त्या रूपकात कोठेच बसत नव्हते.

५

असे असले तरी पहिल्या अर्धशतकात काहीच पिकले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ‘शाप’ हा शब्द घाईने वापरणाऱ्यांनी या कालखंडाकडे अधिक आदराने पाहावयास हवे.

खंडातील राज्याचा वाटा वाढविण्याचे प्रयत्न पद्धतशीरपणे झाले. मेदिना आंगारिता याच्या कारकीर्दीत १९४३ चा तेलविषयक कायदा झाला. जुने निरनिराळे मक्ते एका चौकटीत आणून त्यांना चाळीस वर्षांची नवी मुदत दिली गेली, आणि बदल्यात स्वामित्वधन उत्पादनाच्या एक-षष्ठांश ठरले. १९४८ च्या नोव्हेंबरात कंपन्यांच्या नफ्याइतका तरी वाटा राज्याला मिळालाच पाहिजे, हे ‘निम्मेनिम्मे’चे तत्त्व कायद्यात आले. त्यामागील सूत्रधार हुआन पाब्लो पेरेस आल्फोन्सो हे मंत्री होते. हेच तत्त्व १९५० साली सौदी अरेबियाने आणि पाठोपाठ कुवेत व इराक यांनी स्वीकारले. सप्टेंबर १९६० मध्ये बगदाद येथे इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया व व्हेनेझुएला या पाच देशांनी तेल-निर्यातक देशांची संघटना स्थापन केली, तीतही पेरेस आल्फोन्सो यांचा वाटा मोठा होता.

या पैशातून टिकाऊ म्हणावे असे पुष्कळ काही निर्माण झाले. डॉ. आर्नोल्दो गाबाल्दोन यांच्या नेतृत्वाखाली १९४५ च्या अखेरीस डी.डी.टी.च्या फवारणीची देशव्यापी मोहीम सुरू झाली, आणि ज्या हिवतापाने शतकानुशतके मैदानी प्रदेश निर्मनुष्य केले होते तो अल्पावधीत बहुतेक भागांतून हटला. १९५० साली प्रौढांपैकी सुमारे निम्मे निरक्षर होते; १९८१ पर्यंत हे प्रमाण एक-पंचमांशाच्याही खाली आले. ओरिनोको व कारोनी नद्यांच्या संगमाजवळ १९६१ साली सिउदाद ग्वायाना हे नगर वसविण्यात आले. तेथे पोलादाचा कारखाना व जवळच गुरीचे प्रचंड जलविद्युत्-धरण उभे राहिले. १९२० ते १९७० या अवधीत व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था लॅटिन अमेरिकेतील सर्वांत वेगाने वाढणाऱ्यांपैकी एक होती. एक गरीब, रोगग्रस्त, विरळ वस्तीचा देश त्या खंडातील संपन्न देशांत जाऊन बसला. या वाढीत तेलाचा वाटा नाकारता येत नाही.

तथापि या वाढीच्या पायात तीन गोष्टी गृहीत होत्या. पहिली, तेलाचा खंड दरडोई घटणार नाही. दुसरी, बोलिव्हारचा चढा दर टिकेल. तिसरी, तेलाबाहेरील अर्थव्यवस्थेवर फारसा कर बसवावा लागणार नाही. यांपैकी पहिले गृहीत कोसळले तर उरलेली दोन आपोआप कोसळणार होती.

६

पहिले गृहीत प्रत्यक्षात १९७० पासूनच कोसळू लागले होते. परंतु भाववाढीने ते झाकून टाकले. ही गोष्ट आकड्यांवरून स्पष्ट होते. १९७० साली उत्पादन दिवसाला सुमारे ३७ लक्ष पिंपे होते आणि लोकसंख्या सुमारे एक कोटी पाच लक्ष. म्हणजे दरडोई वर्षाला अदमासे १३० पिंपे पडत. १९८५ साली उत्पादन सुमारे १७ लक्ष पिंपांवर आले होते आणि लोकसंख्या सुमारे एक कोटी सत्तर लक्षांवर गेली होती. दरडोई हिस्सा अदमासे ३६ पिंपे झाला. पंधरा वर्षांत तो तीन-चतुर्थांशाच्या जवळपास घटला.

उत्पादन का घटले? १९५८ नंतर नवे मक्ते देण्याचे थांबले होते. जुने मक्ते १९८३ साली संपणार होते, आणि १९७१ च्या प्रत्यावर्तन-कायद्याने कंपन्यांची सामग्रीही त्या वेळी राज्याकडे येणार हे निश्चित झाले. ज्या भाडेकरूला घर सोडावयाचे आहे तो छपराची डागडुजी करीत नाही. कंपन्यांनीही नव्या विहिरींवरील खर्च आटोपता घेतला. तेल जपून वापरावे, भाव वाढवून कमी विकावे, हे पेरेस आल्फोन्सो यांचे धोरणही याला अनुकूल होते. पुढे १९८० नंतर भाव सांभाळण्यासाठी संघटनेने उत्पादनावर घातलेल्या मर्यादांनी ही घट आणखी वाढवली.

अशा स्थितीत १९७३-७४ साली तेलाचे भाव चौपटीच्या आसपास चढले. कार्लोस आंद्रेस पेरेस यांच्या सरकारला हे घबाड लाभले. १९७४ साली जादा उत्पन्न बाजूस ठेवण्यासाठी गुंतवणूक-निधी स्थापन झाला. १९७५ साली लोहखनिजाचे व १ जानेवारी १९७६ रोजी तेलाचे राष्ट्रीयीकरण झाले. पोलाद, ॲल्युमिनियम व वीज यांच्या अवाढव्य योजना आखल्या गेल्या. परंतु निधीतील रक्कम साठवून ठेवण्याऐवजी त्याच योजनांत गेली. आणि याहून विलक्षण गोष्ट अशी की, इतिहासातील सर्वाधिक उत्पन्नाच्या काळातच राज्याने व त्याच्या स्वायत्त मंडळांनी परदेशी बँकांकडून प्रचंड कर्जे उचलली. १९८० च्या दशकाच्या आरंभी परकीय कर्ज तीस अब्ज डॉलरांवर गेले होते. जमिनीतील तेल हेच तारण असल्याने बँका कर्ज देण्यास उत्सुक होत्या. खंड येत असताना खंडाच्याच भरवशावर कर्ज काढणे, हे कोणत्याही खालावलेल्या जमीनदार घराण्याच्या इतिहासात आढळणारे लक्षण येथे एका राष्ट्रात दिसते.

याच सुमारास पेरेस आल्फोन्सो यांनी तेलाला ‘सैतानाची विष्ठा’ म्हटले, आणि १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या शीर्षकातही तेच शब्द आले. ज्या पुरुषाने आयुष्यभर राज्याचा खंड वाढविण्यासाठी झुंज दिली, त्यानेच शेवटी त्या खंडाचा इतका तिटकारा करावा, ही गोष्ट विचार करावयास लावते. खंड वाढविणे आणि खंड पचविणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिल्यात व्हेनेझुएला जगाचा गुरू ठरला. दुसऱ्यात तो मागे पडला.

७

दरडोई उत्पन्नाचे शिखर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले व गेले. १८ फेब्रुवारी १९८३ हा दिवस व्हेनेझुएलात ‘काळा शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी डॉलरला ४.३० बोलिव्हार हा दीर्घकाळ स्थिर राहिलेला दर सोडावा लागला. १९८६ साली तेलाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. आतापर्यंत घटत्या पिंपांची उणीव चढत्या भावाने भरून काढली होती. तो आधारही नाहीसा झाला. २७ फेब्रुवारी १९८९ रोजी पेट्रोलच्या दरवाढीपाठोपाठ बसभाडी वाढली आणि कॅराकसमध्ये दंगली उसळल्या. त्या मोडून काढताना शेकडो माणसे मारली गेली. १९९२ साली दोन लष्करी उठाव फसले.

येथे आक्षेप घेता येईल की, १९८० चे दशक सबंध लॅटिन अमेरिकेलाच कर्जबाजारीपणाचे गेले. ज्यांच्याकडे तेल नव्हते ते देशही खचले. आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळेच तेल हे एकमेव कारण मानता येत नाही. परंतु शेजारी देश १९९० नंतर कमी-अधिक सावरले; व्हेनेझुएलाचे दरडोई उत्पन्न १९९८ सालीही वीस वर्षांपूर्वीच्या पातळीखालीच होते. चढ्या हुंडणावळीच्या पन्नास वर्षांत तेलाबाहेर निर्यातक्षम असे फारसे काही वाढले नव्हते. त्यामुळे अवमूल्यन झाले तेव्हा त्याचा लाभ घेणारे कारखाने व मळेच पुरेसे नव्हते. ज्या राज्याने नागरिकांकडून फारसा कर घेतला नव्हता, त्याला कर मागण्याचा नैतिक अधिकारही उरला नव्हता. मूल्यवर्धित कर तेथे १९९३ साली प्रथम आला.

१९९८ साली पिंपाचा भाव दहा डॉलरांच्या आसपास असताना ह्यूगो चावेस निवडून आले. २००८ साली तो शंभरावर गेला. भाव पडले असता उपयोगी पडावा म्हणून १९९८ साली स्थापन झालेला स्थिरीकरण-निधी रिकामा होत गेला. २००२-०३ च्या संपानंतर राष्ट्रीय तेलकंपनीतील अठरा हजारांवर कर्मचारी बडतर्फ झाले, आणि तेल काढण्याचे कसब जाणणारी एक पिढी देशाबाहेर गेली. २००३ पासून चलन-नियंत्रणाखाली बोलिव्हार पुन्हा कृत्रिमरीत्या महाग ठेवण्यात आला. १९३४ चेच तंत्र सत्तर वर्षांनी नव्या नावाखाली परतले. या काळात दारिद्र्य घटले हे खरे; परंतु ती घट आयातीवर उभी होती. २०१४ साली भाव कोसळताच आयात कापावी लागली. २०१७ च्या सुमारास बेसुमार भाववाढ सुरू झाली. अमेरिकेने २०१७ साली आर्थिक व्यवहारांवर व जानेवारी २०१९ मध्ये तेलकंपनीवर निर्बंध घातले. त्यांनी घसरण तीव्र केली, परंतु तिचा आरंभ त्यांच्या आधीच झाला होता. २०२० साली उत्पादन दिवसाला सुमारे पाच लक्ष पिंपांपर्यंत उतरले. २०१३ नंतरच्या काही वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न सुमारे तीन-चतुर्थांशाने आक्रसले, आणि सत्तर लक्षांहून अधिक माणसे देश सोडून गेली. मोठे युद्ध न होता एखाद्या देशाची अर्थव्यवस्था इतकी खचल्याची उदाहरणे आधुनिक इतिहासात फार विरळ आहेत.

८

या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. तेल-उत्पन्नाने वाढीचा वेग पन्नास वर्षे वाढवला आणि तितकाच काळ तिचा पाया अरुंद ठेवला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यामुळे आकडेवारीचा आरंभ कोणत्या वर्षापासून धरला, यावर ‘शाप’ की ‘वरदान’ हे उत्तर अवलंबून राहते. विद्यार्थ्यांनी अशा अभ्यासातील कोष्टके वाचताना प्रथम त्यांची वर्षे पाहावीत.

दुसरा निष्कर्ष क्रमाविषयी आहे. नॉर्वेच्या उत्तर समुद्रात १९६९ साली तेल सापडले तेव्हा तेथे करव्यवस्था, प्रशासन व जबाबदार संसद ही सर्व आधीपासून रुजलेली होती. १९९० साली कायदा करून तेलाचा पैसा परदेशी गुंतवणुकीत ठेवण्याची व्यवस्था झाली, आणि देशातील हुंडणावळीवर त्याचा थेट भार पडू दिला गेला नाही. व्हेनेझुएलात आधुनिक राज्य हे तेलाच्या खंडातूनच घडले. टेरी लिन कार्ल यांनी १९९७ साली हाच मुद्दा आग्रहाने मांडला आहे. मात्र त्याचा अर्थ सर्व काही पूर्वनियत होते असा घेऊ नये. १९३४ चा हुंडणावळीचा दर, १९७४ च्या निधीचा विनियोग, २००३ चे चलन-नियंत्रण, हे सर्व माणसांनी घेतलेले निर्णय होते, आणि प्रत्येक वेळी दुसरा पर्याय उपलब्ध होता.

तिसरा निष्कर्ष शब्दांविषयी आहे. ‘पेरणे’ या रूपकाने एक चांगला विचार दिला. परंतु खंड हा जणू बियाणे आहे असा भास निर्माण केला. खंड हे आपण पिकविलेले पीक नव्हे, आणि पुढच्या हंगामाचे बीही नव्हे. ते मालमत्ता विकून आलेले द्रव्य आहे. ज्या वर्षी तेलाचा हिशेब मालमत्तेच्या विक्रीप्रमाणे न मांडता वार्षिक उत्पन्नाप्रमाणे मांडला जातो, त्या वर्षी देश आपले भांडवल खात असतो, आणि अंदाजपत्रक मात्र शिल्लक दाखवीत असते.

व्हेनेझुएलाच्या शेजारच्या गयाना देशात डिसेंबर २०१९ पासून तेलाचे उत्पादन सुरू झाले आहे. लोकसंख्या दहा लक्षांच्याही आत, आणि साठा प्रचंड. तेथे निधीचा कायदा आहे, आणि व्हेनेझुएलाचा अनुभव सीमेपलीकडेच उभा आहे. त्या निधीतून दरसाल किती रक्कम काढली जाते, हुंडणावळीचा दर कोणाच्या सोयीने ठरतो आणि तेलाबाहेरील माणसाकडून राज्य किती कर मागते, या तीन गोष्टींवर अभ्यासकाने लक्ष ठेवावे. विहिरींची संख्या मोजण्यापेक्षा यांतून त्या देशाचे भवितव्य अधिक लवकर कळेल.